सदऱ्यावरची होडी

फिल्म ऐन रंगात आली की सर ती मध्येच थांबवायचे. चित्र भिंतीवर तसंच ठेवायचं आणि दिव्याचं बटण दाबायला हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. वाटेत प्रोजेक्टरचा झोत यायचा. वाकून त्याच्याखालून जावं किंवा मागच्या दाराने वळसा घालावा, असलं काही त्यांना मंजूर नव्हतं. ते सरळ झोतात शिरायचे आणि बरोबर मधोमध उभे राहून आमच्याकडे तोंड करायचे. सदरा कायम पांढरा. त्यामुळे भिंतीवरचं चित्र तेवढ्यापुरतं त्यांच्या अंगावर यायचं. कधी पोटावर एखादी खुर्ची, कधी छातीवर कुठल्याशा परदेशी बाईचा डोळा.

"आवडलं का ते नंतर," ते म्हणायचे. "आधी काय दिसलं ते सांगा."

आणि कोणीतरी काहीतरी सांगेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, जो माणसाला सुखाने काही बघू देत नाही. आमच्याकडे हे होते.

मी इथल्या वाचनालयाची ग्रंथपाल. मागच्या हॉलची चावी माझ्याकडे असते, म्हणून त्यांची माझी गाठ पडली. तालुक्याच्या शाळेतून ड्रॉइंग टीचर म्हणून रिटायर झाले आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर येऊन उभे. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी हॉल हवा होता.

"काय दाखवणार?" मी विचारलं.

"हल्लीची कला, ताई. आणि डिझाइन. माहितीपट दाखवू, कोणाला बोलायला बोलावू."

"म्हणजे रांगोळी वगैरे?"

"रांगोळीपण," ते म्हणाले. हसले नाहीत. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि मला ओशाळवणारी माणसं सहसा आवडत नाहीत.

कार्यकारिणीने परवानगी दिली, कारण नेमका विरोध कशाला करायचा हे कोणालाच समजेना. हॉलची एक भिंत सरांनी स्वतः चुन्याने रंगवली, त्यात थोडी नीळ टाकली आणि ती दरवर्षी पावसाळा संपला की पुन्हा रंगवत राहिले. पडदा त्यांना नको होता. पडद्याला चुण्या पडतात आणि माणसं चुण्याच बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं.

लोक यायचे ते पंख्याला. आमच्या हॉलला इन्व्हर्टर आहे आणि आमच्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. एप्रिल-मे महिन्यात अंगाला मिठाचा थर चढतो, तेव्हा फुकट वारा मिळतो म्हटल्यावर माणूस समकालीन कलाही सोसतो. सरांना हे ठाऊक होतं. "वाऱ्याला आले तरी डोळे घेऊनच येतात ना," ते म्हणायचे.

वक्ते ते काशीदच्या बाजूने पकडून आणत. तिकडे मुंबईच्या लोकांनी जागा घेऊन घरं बांधली आहेत, त्यांत चित्रकार आहेत, आर्किटेक्ट आहेत, नुसत्या खुर्च्या डिझाइन करणारेही आहेत. सर त्यांच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. वॉचमन आत सोडायचा नाही. सर भांडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, आणि शेवटी आतल्यालाच लाज वाटून तो बाहेर यायचा.

असाच एक गृहस्थ आला. त्याने मोठ्या शहरातल्या मोठ्या दालनात नुसती एक खोली रिकामी ठेवली होती आणि तीच त्याची कलाकृती होती. त्याने त्या खोलीचे फोटो भिंतीवर दाखवले. रिकामेपण, अवकाश, शांतता असं बराच वेळ बोलला. मग प्रश्न विचारा म्हणाला. आमचा किराणावाला उठला आणि अगदी मनापासून म्हणाला, "भाड्याने देणार असाल तर आधी आम्हाला सांगा." हॉल हसला. सर हसले नाहीत. ते वक्त्याकडे वळून म्हणाले, "यांना जागा दिसली. चांगलं आहे की." गृहस्थ जाताना किराणावाल्याचा हात हातात घेऊन गेला.

दवाखान्यातल्या पाट्यांवर एक फिल्म होती. आजारी माणूस वाट चुकू नये म्हणून एका डिझायनरने बाण कसे केले, रंग कसे निवडले, असं सगळं. सरांनी मध्येच थांबवली, छातीवर बाण घेऊन उभे राहिले. काय दिसलं? एक म्हातारे आजोबा म्हणाले, "दवाखाना मोकळा होता." पुन्हा हशा. "बरोबर," सर म्हणाले. "माणसं का नाहीत?" त्यावर लोक इतका वेळ बोलत राहिले की उरलेली फिल्म राहूनच गेली. अशा कितीतरी फिल्मा आम्ही अर्ध्याच पाहिल्या आहेत.

त्यांचा आणखी एक नेम होता. फिल्म ते स्वतः आधी कधीच बघत नसत. मी एकदा टोकलं, की बघून घ्या हो, भलतंसलतं काही निघायचं त्यात, बायका-पोरं असतात. तर म्हणाले, "मी आधी बघितली तर उत्तर मला माहीत असणार. मग तुम्हाला विचारायचं कशाला?" शिक्षकाने असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढे याच नेमाने घात केला, म्हणून आधी सांगून ठेवते.

सर राहायचे बौद्धवाडीत, शेवटच्या घरात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली त्यांनीच रंगवलेला बुद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली ती यांनी अक्षरशः पाळली. बायको गेली तेव्हा पिंड नाही, कावळा नाही, वर्षश्राद्ध नाही. "मेलेला माणूस मेला, ताई," ते म्हणायचे. "त्याच्या नावाने भात कशाला नासायचा?" मी आपली सगळं करणाऱ्यांतली. आमचे यावरून वाद व्हायचे आणि वाद झाला की दोघांनाही चहा लागायचा.

नारळी पौर्णिमेच्या आधी मात्र ते बंदरावर मुक्कामालाच असल्यासारखे. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डांबर लावून झालेलं असतं, तेव्हा नावं आणि चित्रं काढायला सगळ्यांना सरच लागायचे. होडीच्या पुढच्या टोकाला आमच्याकडे नाळ म्हणतात. त्या नाळेजवळच्या फळीवर ते मासे काढायचे, पण एका होडीचे मासे दुसऱ्या होडीवर कधी नाहीत. कोळी लोक त्यांना मास्तर म्हणत. बदल्यात श्रावण सरला की मासळी घरपोच.

त्या कोळीवाड्यातली हिराबाय आमच्या वाचनालयाच्या पायरीवर सुकट विकायला बसते. फिल्म लागली की टोपली घेऊनच आत यायची, मागे दारापाशी बसायची. हॉलभर वास. मी सरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "वास बाहेर ठेवायचा तर तिला बाहेर ठेवावं लागेल. सांगू का तसं?" सर तिलाही विचारायचे, हिराबाय, काय दिसलं? तिचं उत्तर ठरलेलं. "मला नका इचारू मास्तर, मी पंख्याला आले."

तिचा नवरा धर्मा वादळात गेला. मासेमारी बंद होती, होड्या वर ओढून झाल्या होत्या, पण याची होडी खाडीत बांधलेली होती. वारा वाढला तसा दोर आणखी घट्ट करायला म्हणून गेला. तो परत आला नाही आणि होडीही दिसली नाही. शोधाशोध झाली, तिकडे दिवेआगरपर्यंत माणसं जाऊन आली. तिकडे तर सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झालेल्या, कोणाला कोणाकडे बघायला सवड नव्हती. धर्माचं प्रेत मिळालं नाही.

समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळालं नाही की दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मग बाकीचं सगळं रीतसर होतं. दिराने पुतळा करायला घेतला तेव्हा हिराबाय आडवी आली. "गवताला आग देऊन तो जायाचा न्हाय," ती म्हणाली. "होरीबिगर तो कुटं गेलाय कधी? होरी आना, निदान तिची फली आना, मग द्या आग."

दिराने समजावलं, भावकीने समजावलं. ती ऐकेना. तेव्हापासून तिचं सगळं अडकलं. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि घरात नवरा नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून कोणीच बोलावलं नाही. बारशाला नाही, ओटी भरायला नाही. पोरीचं लग्न जमत आलं होतं, तेही दिराने थांबवून धरलं. आधी भावाचं उरकू, मग बाकीचं, असं त्याचं म्हणणं, आणि त्याचं तरी काय चुकलं. हिराबाय सुकट विकत राहिली. भरती उतरली की किनाऱ्याने एक फेरी मारून यायची, लाकूडफाटा उलथापालथा करून बघायची.

आता मी जे सांगणार आहे ते त्याच वादळानंतरचं. गावातली निम्मी घरं उघडी पडलेली, जो तो आपापल्या छपराच्या मागे, तेव्हा मुंबईहून एक शिल्पकार बाई आली. बारीक कापलेले केस, बोलायला गोड. वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या वस्तूंमधून तिला काम करायचं होतं. सर तिला किनाऱ्याने घेऊन फिरले. मोडके वासे, पत्रे, डांबर आणि चिखल बसलेल्या फळ्या टेम्पोत चढवल्या. वाचनालयाच्या खिडकीतून मला टेम्पो जाताना दिसला.

"ताई, आपला किनारा मोठ्या दालनात लागणार," सर सांगत आले. इतकं खूश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. "बाई प्रामाणिक आहे. प्रत्येक तुकडा उचलताना विचारत होती, हे कोणाचं आहे का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"समुद्राने टाकलेलं, कोणाचं नाही."

त्या वेळी मलाही ते बरोबरच वाटलं.

पुढे काही वर्षांनी त्या बाईवर माहितीपट निघाला. तिने तो आठवणीने सरांना पाठवला. सरांनी बोर्डावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, आपल्या किनाऱ्यावरची फिल्म. त्या शनिवारी पंख्याची गरज नव्हती तरी हॉल भरला. हिराबाय नेहमीप्रमाणे दारापाशी.

सुरुवातीला आमचाच किनारा दिसला, लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. मग त्या बाईची मुंबईतली कार्यशाळा. ती एका फळीवरचा चिखल पाण्याने आणि ब्रशने हळूहळू काढत होती. खालून निळा रंग दिसायला लागला. मग एकदम मोठं पांढरं दालन, आणि तारांवर अधांतरी टांगलेली ती फळी. स्वच्छ, वार्निश केलेली. त्यावर समोरासमोर तोंड केलेले दोन मासे.

सर तोपर्यंत मागे प्रोजेक्टरशी वाकलेले, त्यांचं लक्ष वायरीत. त्यांनी सवयीने फिल्म थांबवली आणि सवयीने झोतात शिरले. दोन्ही मासे त्यांच्या छातीवर आले.

"आवडलं का ते नंतर," ते म्हणाले. "आधी काय दिसलं?"

आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "वेदना." कोणीतरी म्हणालं, "रंग चांगले टिकलेत." मागून टोपली सरकल्याचा आवाज झाला. हिराबाय उभी राहिली होती.

"आमची होरी हाय ती," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. दुकानात आपली पिशवी ओळखून बाईने म्हणावं तसं म्हणाली. सरांनी भिंतीकडे वळून पाहिलं नाही. त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. एका माशाची शेपटी आखूड होती. ती काढताना भरती आली म्हणून धर्मा घाई करत होता, राहू दे मास्तर, मासा मासाच हाय, असं म्हणत होता, हे सरांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी दिव्याचं बटण दाबायचंही राहिलं. ते तिथेच झोतात उभे, आणि हिराबाय खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली आणि त्यांच्या सदऱ्यावरच्या माशांकडे बघत राहिली. शेवटी प्रोजेक्टर मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी त्या शिल्पकार बाईला फोन लावला. ती फोनवर रडली. ती वाईट नव्हती, हे मला तिच्यावर राग असूनही म्हणावं लागतं. पण काम आता तिचं राहिलं नव्हतं. एका मोठ्या संस्थेने ते घेतलं होतं. मग सर त्या संस्थेच्या मागे लागले. रेवसला जायचं, लाँच पकडायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, त्या संस्थेच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण हे काशीदचं फाटक नव्हतं. तिथे आतल्याला बाहेरचा माणूस दिसायचाच नाही.

एक दिवस मी म्हटलं, या माणसाचे पाय दुखतात, एकटं सोडू नये, म्हणून मीही गेले. त्या दिवशी मात्र आत बोलावलं. आधी दालन दाखवलं. फळी टांगलेली होती, अगदी फिल्ममधल्यासारखी. सरांचा हात आपसूक पुढे गेला. पहारेकरी म्हणाला, "बाबा, हात लावू नका." सरांनी हात मागे घेतला आणि बाजूची पाटी वाचली. इंग्रजीत होती. मी विचारलं काय लिहिलंय. "सापडलेलं लाकूड," ते म्हणाले.

मग काचेच्या खोलीत एक तरुण अधिकारी भेटला. अदबीचा, गार पाणी वगैरे. "सर, आम्हाला खरंच खूप वाईट वाटतंय," तो म्हणाला. त्याने बराच विचार केलेला दिसत होता. धर्माचं नाव पाटीवर घालू म्हणाला. सर नको म्हणाले. मग तो म्हणाला, शिल्पकार बाईंची तयारी आहे, वरिष्ठांशीही बोलणं झालंय, हा एक तुकडा परत देता येईल. फक्त तो कुठे आणि कसा ठेवणार एवढं कळलं पाहिजे. "तुमच्या वाचनालयात काचेच्या पेटीत वगैरे?"

मी टेबलाखालून सरांच्या पायावर पाय दिला. म्हणजे, हो म्हणा.

"जाळणार," सर म्हणाले.

त्या पोराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सरांनी त्याला सगळं सांगितलं. दर्भ, पुतळा, होडी. पोरगा ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की संपलं. "मग नाही जमणार, सर," तो म्हणाला. "कलाकृती नष्ट करायला देता येत नाही. मी माझ्या हाताने नाही देऊ शकत." त्याचेही डोळे भरले होते. पण डोळे भरून काय होतं, फळी तारेवरच राहिली.

परतीच्या लाँचमध्ये लोक समुद्रपक्ष्यांना कुरकुरे टाकत होते आणि मी सरांवर तोंड टाकत होते. एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? आणि तुमचा कुठे विश्वास आहे या सगळ्यावर? पिंड नको, कावळा नको, आणि ही आग बरी चालते?

"माझा विश्वास नाहीच," ते म्हणाले. "पण होडी हिराबायची आहे. तिचा आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि पेटीत ठेवली असती तर ती रोज पायरीवर बसून तिच्याकडेच बघत राहिली असती, ताई."

"मग आणल्यावर आपण पेटी फोडून जाळली असती. चावी माझ्याकडेच असते."

त्यावर ते हसले. मला वाटतं, मी पाहिलेलं त्यांचं ते शेवटचं हसू.

हिराबायला त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. कोणी दिलं कोणाला, हेही सांगितलं. समुद्राने टाकलेलं, कोणाचं नाही, असं मीच म्हणालो, हेही. तिने शिव्या दिल्या असत्या तर सर तगले असते. ती एवढंच म्हणाली, "तुमी काय करनार, मास्तर." सर म्हणाले, दुसऱ्या फळीवर तसेच मासे काढून देतो, शेपटीसकट. तिने नाही म्हणून मान हलवली. "ती फली पान्यात गेलेली न्हाय. तिला त्याचा हात लागलेला न्हाय."

त्यानंतर त्यांनी हॉल मागितला नाही. शनिवार आला की मी चावी टेबलावर काढून ठेवायची, उगाच. पावसाळा संपला, भिंतीचा चुना पोपडे धरू लागला, सरांनी ते येऊ दिले. त्याआधी नारळी पौर्णिमेलाही बंदरावर गेले नव्हते. त्या वर्षी आमच्या होड्या नुसतीच नावं घेऊन पाण्यात उतरल्या, तीही पेंटरने छापल्यासारखी काढलेली.

मी अधूनमधून बौद्धवाडीत जायचे. ते खाटेवर बसलेले असायचे, हातात काही नाही. जेवण सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय. "त्या शिल्पकार बाईने मला प्रत्येक फळी उचलताना विचारलं होतं," ते मला सांगायचे. "आणि मी बघितलंसुद्धा नाही, ताई. आकार बघत होतो." हेच, पुन्हा पुन्हा. मी म्हणायचे, चिखल होता, डांबर होतं, कोणाला ओळखू आली असती? ते ऐकून घ्यायचे. मला तो माणूस फार आवडत होता, हे इथे सांगून टाकते. त्यांना कधी सांगितलं नाही. आमच्या वयात आणि आमच्या गावात असलं काही सांगत नाहीत, चहा करून देतात.

अलिबागच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेले. लेक पनवेलला असते, ती आली. कपडे काढायला तिने कपाट उघडलं तर आत सगळे पांढरे सदरे. "यातला कुठला हो, मावशी?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, कुठलाही घे.

आमच्यातल्या बायका स्मशानात जात नाहीत, त्यांच्यातल्या जातात. मी गेले. घरी काय म्हणतील ते नंतर बघू, असं ठरवून गेले. स्मशान खाडीच्या कडेला आहे. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळ्यांनी फुलं वाहिली. सरांना सरणावर ठेवलं होतं, चेहरा न झाकता. लाकडं रचायची बाकी होती. तेवढ्यात कोळीवाड्याच्या बाजूने हिराबाय येताना दिसली. मागे चार पावलांवर तिचा दीर, मान खाली घालून.

तिच्या हातात दर्भाचा पुतळा होता, लहानसा, जाळ्याच्या दोरीने बांधलेला. लोक कुजबुजले. बौद्धवाडीतला एक जण पुढे होऊन म्हणाला, "बाई, हे आमच्यात चालत नाही. सरांना तर मुळीच चालत नव्हतं."

"ठाव हाय मला," हिराबाय म्हणाली आणि सरांच्या लेकीसमोर जाऊन उभी राहिली. "बाय, त्या दिशी आमची होरी तुज्या बापाच्या अंगावर आली होती. मी बगितली. हितं," आणि तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माज्या मानसाला त्यांच्यासंगं जाऊ दे."

लेकीला या सगळ्यातलं फोनवर ऐकलेलं तेवढंच माहीत. तिने माझ्याकडे पाहिलं. ती बराच वेळ त्या पुतळ्याकडे बघत राहिली आणि मग बाजूला सरली.

हिराबायने पुतळा सरांच्या छातीवर ठेवला, पांढऱ्या सदऱ्यावर, मासे आले होते बरोबर तिथे. दोरीचं एक टोक सुटलं होतं ते नीट आत खोचलं. मग दिराकडे वळून म्हणाली, "आता होरी हाय. आता जाईल."

लेकीने अग्नी दिला. धूर खाडीवरून समुद्राकडे गेला, वारा तसाच होता. हिराबाय पाण्यापर्यंत चालत गेली, खाली बसली आणि दगडावर एकेक बांगडी फोडली. तिला कोणी धरायला गेलं नाही. परत आली तेव्हा कपाळ ओलं आणि मोकळं होतं, आणि इतकी वर्षं ओळखत असूनही ती मला क्षणभर ओळखू आली नाही.

पोरीचं लग्न त्याच वैशाखात झालं.

कार्यकारिणी म्हणाली, सरांच्या आठवणीसाठी कार्यक्रम चालू ठेवा. आता प्रोजेक्टर मी लावते. भिंत आधी रंगवून घेतली, नीळ थोडी जास्तच पडली. पहिल्या शनिवारी मातीच्या भांड्यांवरची एक फिल्म होती. लोक आले, पंखे चालू केले, मी फिल्म लावली. ती सुरू झाली आणि चालत राहिली. मधे कोणी थांबवली नाही, झोतात कोणी आलं नाही, भांडी सगळी भिंतीवरच राहिली. मग नावं आली आणि भिंत पांढरी झाली.

अंधारात थोडा वेळ कोणी उठलं नाही. मग मागून, दारापाशी टोपली घेऊन बसलेल्या हिराबायने विचारलं, "संपला व्हय, ताई?"

"हो," मी म्हटलं आणि बटण दाबायला गेले, मागच्या दाराने.